सरकारी पट्टीवर चार फूट

जन्मभर पाण्यात उभं राहून पोट भरणारा माणूस तिकीट काढून पाण्यात उतरायला नागपूरला जाणार, ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी ती दोनदोनदा विचारून घेतली. चामोर्शीपासून आठ किलोमीटर आत असलेल्या त्या गावाला स्वतःचा तलाव होता, चांगला दोनशे एकरांचा, आणि त्यात गावच्या म्हशीसुद्धा विनातिकीट पोहत. घनश्याम तर त्या तलावाच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. त्यानं पाण्यासाठी नागपूरला जावं म्हणजे हलवायानं जिलबीसाठी दुसऱ्याच्या दुकानापुढे रांग लावावी, तशातली गत.

घनश्याम कोणाला उत्तर देत नसे. त्याच्यापाशी कागद होता, आणि ज्याच्यापाशी कागद असतो त्यानं वाद घालायचा नसतो, एवढं तो सोसायटीत शिकला होता.

कागद आणला होता देवानंदनं. हा घनश्यामचा साळा, बायको गोकुळाचा धाकटा भाऊ, गडचांदूरकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कामगारांची सहल नागपूरला गेली, तेव्हा तो बायको आणि मुलगी दिव्यानी यांना घेऊन ‘पाताळनगरी’ नावाच्या ठिकाणी जाऊन आला होता. कागद चकचकीत होता. त्यावर फणा काढलेल्या शेषनागाचं फाटक होतं, आत मगरी, कासवं, नागकन्या, सगळं सिमेंटचं. देवानंदला सिमेंटचं फार कौतुक. आणि मधोमध चार मजली उंचीवरून वळसे घेत खाली येणारी निळी घसरगुंडी, तिचं नाव तक्षक. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘तक्षकासाठी किमान उंची चार फूट. गर्दीच्या हंगामात आगाऊ नोंदणी करावी.’

घनश्यामची रिंकू तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. तिनं कागद छापखान्याच्या नावासकट वाचून काढला. दिव्यानी तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान, पण तक्षकावरून तीनदा घसरून आलेली. नळीत अंधार असतो, वर कुठी अन् खाली कुठी समजत नाई, अन् मंग एकदम उजेड येते, असं तिनं हात फिरवून सांगितलं. रिंकूनं सगळं ऐकून एकच गोष्ट विचारली, पाणी थंडं राह्यते का गरम. दिव्यानीनं ते पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी घनश्यामनं जाहीर केलं की जायचं. पण चार फूट झाल्यावर. अर्धवट जाण्यात काय मजा, तिथवर जाऊन पोरीनं खाली उभं राहून वर पाहायचं का, असं त्याचं म्हणणं. प्रश्न एवढाच राहिला की पोरगी किती फूट आहे हे मोजायचं कशानं. घरात जाळ्याचा दोरा होता, त्यावर गाठी होत्या, पण गाठींना नागपुरात कोण विचारतो. घनश्यामला सरकारी माप पाहिजे होतं. ते तलावात उभं होतं.

तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी शेताकडे सोडायच्या दारापाशी, पाणी मोजायचा खांब होता. मालगुजारांच्या काळातला, दगडी ओट्यावर रोवलेला, फुटांच्या आणि इंचांच्या खुणांचा. तलाव सरकारकडे गेल्यावर सरकारनं त्याला पांढरा रंग दिला, खुणा काळ्या केल्या आणि त्याचं नाव ‘पट्टी’ ठेवलं. पट्टी वाचायला वारलू नावाचा चौकीदार नेमलेला होता. वारलू पट्टी घरूनच वाचत असे. पावसाळ्यात तो तलाव भरला असं लिही, उन्हाळ्यात आटला असं लिही, आणि सहसा चुकत नसे.

अडचण अशी की पट्टीचा बुडखा उघडा पडे तो फक्त मे महिन्यात. तेव्हाच पाणी मधल्या डोहात आक्रसे, तेव्हाच सोसायटीचं मोठं जाळं पडे, तेव्हाच बर्फाच्या पेट्या घेऊन व्यापाऱ्यांच्या गाड्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभ्या राहत आणि सगळं गाव चिखलात उतरे. शाळेच्या सुट्ट्याही तेव्हाच, पाताळनगरीचा हंगामही तेव्हाच, लग्नंही तेव्हाच. वर्षाचे बाकीचे अकरा महिने घनश्यामला वेळच वेळ होता. पण त्या अकरा महिन्यांत पोरगी मोजता येत नव्हती, कारण पट्टी पाण्यात होती.

तरी त्यानं जाळं ओढता ओढता घटकाभर सवड काढली, रिंकूला ओट्यावर चढवलं, टाचा जुळवल्या, हनुवटी सरळ केली, आणि डोक्यावर हाताची फळी आडवी धरली. तीन फूट सात इंच. वारलू साक्षीला होता. त्याच्या नोकरीत त्यानं पट्टी प्रत्यक्ष वाचली ती बहुधा त्याच दिवशी.

बेत मात्र लगेच सुरू झाला. घरातली कामं उरकली की तिघं बसत आणि बेत करत. देवानंद आला की चौघं. जीप कोणाची, निघायचं किती वाजता, उमरेडला थांबायचं का नागभीडला, पुऱ्या न्यायच्या का आत नेऊ देत नाहीत, हे सगळं ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. आत साडी चालत नाही, नायलॉनचे कपडे भाड्यानं घ्यावे लागतात, असं देवानंदनं सांगितलं तेव्हा गोकुळानं कपाळावर हात मारून घेतला आणि मी बाहेर पिशव्या राखत बसीन म्हणून सांगितलं. पुढे दोन वर्षं पिशव्या कोण राखणार हा प्रश्न सुटलेला होता. सुटलेला असा तोच एक.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात रिंकू भरली तीन फूट नऊ. घनश्याम खूश. दोन हजार साली तीन फूट अकरा. तो आणखी खूश. देवानंद म्हणाला, एक इंच काय, चपला घालून उभी करू. पण त्याच आठवड्यात बर्फाची गाडी दोन दिवस आधी आली, मग सोसायटीची निवडणूक लागली, आणि सेक्रेटरी नसला तर जाळं कोणाच्या नावानं पडणार हा प्रश्न गावात कोणालाच सोडवता आला नाही. बेत एका सालानं पुढं गेला. एक इंच कमी होताच, त्यामुळं कोणाला फार वाईट वाटलं नाही. रिंकूनं कागदाला खाकी कव्हर घातलं.

दर साली दोन इंच. घनश्याम हा आकडा लोकांना असा सांगे, जणू त्यानं स्वतः खत घातलं आहे.

याच काळात तो आणखी एक काम नेमानं करत असे. सेक्रेटरी या नात्यानं तो पाटबंधारे खात्याला दरवर्षी अर्ज लिही. अक्षर सुंदर होतं आणि मजकूर पाठ झालेला : ‘सबब विनंती की, सदर तलावात, विशेषतः तुडुमाजवळ, दरसाल अंदाजे दोन इंच गाळ साचत असून मत्स्यबीजाची अपरिमित हानी होत आहे. तरी गाळ काढण्याची कृपा व्हावी.’ अर्ज पोचल्याचं उत्तर कधी आलं नाही. पण सलग तीन वर्षं त्यानं हे वाक्य आपल्या हातानं लिहिलं, शाई वाळवली, घडी घातली आणि पोस्टात टाकलं.

गोकुळाला मात्र काहीतरी खटकत होतं. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला शिवलेला फ्रॉक पोरीला अजून होत होता. शेजारपाजारच्या बाया फ्रॉकची दुमड उसवून लांबी वाढवत, हिच्या फ्रॉकची दुमड जशीच्या तशी. तिनं तसं बोलून दाखवलं. घनश्याम म्हणाला कापड चांगलं आहे, चामोर्शीच्या बाजारातलं नव्हे, वडशाहून आणलेलं. मग दिव्यानी आली की दोघी बाजूबाजूला बसून जेवत तेव्हा गोकुळा एकीच्या खांद्याकडं पाही आणि दुसरीच्या. दिव्यानी बापावर गेली, तिकडची हाडं लांब, हेही घनश्यामनं समजावलं होतं.

पोरीची हाडं दुखत. हिवाळा लागला की दुखत, पावसात भिजली की दुखत. रात्रभर पाय धरून ती कण्हायची नाही, नुसती दात दाबून पडायची, आणि सकाळी डोळे हळदीसारखे पिवळे. गावच्या दवाखान्यातला कंपाउंडर वाताच्या गोळ्या द्यायचा. जाणती माणसं सांगत, हाडं वाढून राह्यले, म्हणून दुखते. हे घनश्यामला पटलं. पट्टी तेच सांगत होती.

रिंकूच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. दीड वर्षाचा झाला, हातपाय सुजले, ताप चढला आणि गेला. पाळीपलीकडे घनश्यामनं स्वतः खड्डा खणला होता, दोन हात लांबीचा, कडा सरळ. खणायच्या कामात तो नीटस होता. त्यावर घरात कोणी बोलत नसे. गोकुळा रिंकूचे हात मात्र अधूनमधून दाबून पाही, सुजले तर नाहीत ना म्हणून.

दोन हजार एक साली मे महिन्याच्या सात तारखेला पट्टीचा बुडखा उघडा पडला. भोवती गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या. रिंकू आता अकराची. ती पट्टीला पाठ लावून उभी राहिली, घनश्यामनं हात आडवा धरला आणि खाली वाकून वाचलं. मग पुन्हा वाचलं. चार फूट एक इंच.

त्यानं जाळं तसंच सोडलं. पाळीवर गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या ड्रायव्हरांनाही त्यानं सांगितलं. वारलूला सांगितलं. वारलूनं विचारलं, “मंग घनश्यामभाऊ, आता जाता का?”

“एक इंच वरताच आहे,” घनश्याम म्हणाला. “कोणी रोखून दाखवावं.”

सोसायटीत त्यानं दोन दिवसांची रजा मागितली. ऐन हंगामात सेक्रेटरीनं रजा मागितल्याची ती पहिलीच वेळ. लोकांनी टोमणे मारले, तिथी मासे गावले तर आमच्यासाठी आणजो म्हणाले, पण दिली. देवानंदला फोन गेला. तो दिव्यानीला घेऊन आला. जीप ठरली, पुऱ्या झाल्या, लसणाची चटणी झाली. रिंकूनं खाकी कव्हरातला कागद सोबत घेतला, वाट चुकली तर असावा म्हणून. वाटेत ती खिडकीशी बसली होती आणि फारसं बोलत नव्हती. घनश्यामला वाटलं, आनंदानं.

पाताळनगरीत पाताळातल्यापेक्षा जास्त गर्दी होती. शेषनागाच्या फाटकाबाहेर रांगेनं तीन वळसे घेतले होते. आगाऊ नोंदणी त्यांनी केली होती, पण ती सगळ्यांनीच केली होती. आत शिरेपर्यंत पुऱ्या कडक झाल्या. गोकुळा ठरल्याप्रमाणे पिशव्या घेऊन एका सिमेंटच्या कासवाजवळ बसली. कपडे बदलून बाकीचे तक्षकाच्या जिन्यापाशी आले. तिथं लाकडी मगर उभी होती, मागच्या दोन पायांवर, टोपी घातलेली, आणि तिनं एक हात आडवा पसरला होता. हाताखाली लिहिलं होतं : ‘माझ्या हाताला डोकं लागलं तरच वर जा बरं का.’

दिव्यानीच्या तर कपाळालाच तो हात लागला. ती वाकून, हसत पलीकडे गेली.

रिंकू सरळ चालत गेली. घनश्याम पाहत होता. त्याच्या हिशेबानं तिचा एक इंच त्या हातावर आदळायला हवा होता. ती वाकली नाही, थांबली नाही, आणि मगरीच्या हाताखालून अशी पलीकडे निघाली की तिचा एक केसही हलला नाही. मधे चार बोटांची जागा रिकामी राहिली. त्या जागेतून मागचं निळं पाणी दिसत होतं.

जिन्यावरच्या माणसानं तिला बाजूला घेतलं. घनश्यामनं सांगितलं की मगर चुकीची आहे. त्या माणसाला हे रोज ऐकून सवय होती. त्यानं खिशातून टेप काढला, नीट मोजलं आणि टेप घनश्यामपुढे धरला. तीन फूट आठ इंच. घनश्याम म्हणाला की ही मुलगी सरकारी पट्टीवर चार फूट एक इंच भरलेली आहे, दहा दिवसांपूर्वी, साक्षीदार आहेत. तो माणूस म्हणाला, असेल काका, पण सरकारची पट्टी तिकडे, आमचा टेप इकडे, आणि मागे दीडशे माणसं उभी आहेत.

देवानंदनंही दोन शब्द टाकले. सिमेंट कारखान्याचं नाव घेतलं. उपयोग झाला नाही.

तेव्हा रिंकूनं बापाच्या ओल्या हाताचं बोट धरलं आणि त्याला रांगेतून बाहेर आणलं.

“बाबा,” ती म्हणाली, “तिथी गाळ आहे.”

“कुठी?”

“पट्टीपाशी. पहिल्या साली ओटा होता ना पायाखाली. मंग नाई दिसला. गाळावरच उभी राहो मी.”

घनश्यामच्या कानात स्वतःचंच सुंदर अक्षर वाजायला लागलं. विशेषतः तुडुमाजवळ. दरसाल अंदाजे दोन इंच. तीन अर्ज, तीन साली, सबब विनंती की. गाळ वाढत होता आणि तो पोरीच्या पायाखाली जात होता, आणि घनश्याम दर साली हात आडवा धरून गाळाची उंची मोजत होता, गावाला सांगत होता.

“तुले मालूम होतं?”

“हो.”

“मंग बोलली काऊन नाई?”

रिंकूनं थोडा विचार केला. “तुमी सगळ्याईले सांगून राह्यले होते,” ती म्हणाली.

दिव्यानी तक्षकावरून चारदा घसरली. तिच्या चपला रिंकूनं धरल्या. मग चार फुटांखालच्यांसाठी जी जागा होती तिकडे रिंकू गेली, कासवकुंडात. तिथं पाणी पोटरीएवढं आणि पोरं दोन-तीन वर्षांची. त्यांच्यात ती सगळ्यांत उंच होती. एक पोरगं पडलं, ते तिनं उचललं, मग दुसरं. तिथल्या बायांना वाटलं ही कोणाची तरी ताई राखणीला आली आहे. वरून फवारे उडत होते. घनश्याम काठावर बसून राहिला. एवढ्या लांब आलो तर खेळू द्यावं, असं त्याला वाटलं. ओठ निळे पडायला लागले तरी ती पाण्यातून निघाली नाही, आणि पाणी थंड आहे की गरम हे त्यानं विचारलं नाही.

दुपार कलताना तिचे पाय धरले. मग पाठ, मग छाती. या वेळी ती दात दाबून राहिली नाही, ओरडली. जीप चामोर्शीच्या रस्त्याला न लागता नागपूरच्या मोठ्या दवाखान्याकडे वळली.

डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, गडबडीत होत्या, पण चांगल्या होत्या. रक्त तपासून आलं तेव्हा त्यांना समजावून सांगायला कागद पाहिजे होता. रिंकूच्या पिशवीत पाताळनगरीचा होता. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी एक गोल काढला आणि शेजारी एक विळा. चांगलं रक्त असं असतं, हिचं असं आहे. हे विळे एकमेकांत अडकतात, नसा तुंबतात, म्हणून दुखतं, म्हणून अंगात रक्त टिकत नाही, म्हणून वाढ खुंटते. आईबापाकडून अर्धं अर्धं आलेलं असतं, त्यांना स्वतःला काही होत नाही. तुमच्या भागात पुष्कळ आहे. याआधी एखादं मूल गेलं का, हातापायांना सूज येऊन?

गोकुळानं मान हलवली. किती वर्षांचं, ते तिनं बोटांनी दाखवलं, एक बोट पूर्ण आणि एक अर्धं.

बाई लिहीत राहिल्या. भरपूर पाणी पाजा. थंडी वाजू देऊ नका. थंड पाण्यात तर अजिबात उतरवू नका. तुमचा व्यवसाय काय?

“मासे,” घनश्याम म्हणाला.

मग त्यांनी रिंकूची उंची पाहिली, वय पाहिलं, आणि रागानं नव्हे, पण विचारलंच, की इतकी वर्षं मुलगी वाढत नाही हे घरात कोणाच्या ध्यानात कसं आलं नाही. घनश्याम चकचकीत कागदावरच्या विळ्याकडं पाहत होता. उत्तर गोकुळानं दिलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला नवऱ्याची बाजूच मांडायची होती.

“मोजत होते ना जी, बाई,” ती म्हणाली. “दर साली मोजत होते.”

जपलं तर जगतात, असं निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. घरी येईस्तोवर घनश्यामनं त्या वाक्यातला ‘तर’ पुष्कळदा सोडून पाहिला. तो सुटत नव्हता.

गावात काय झालं ते हळूहळू कळलं, आणि ज्यांनी टोमणे मारले होते ते एकेक करून येऊन काहीबाही देऊन गेले. कोणी अंडी, कोणी गावठी तूप. पाताळनगरीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. बेत करायला तिघं बसायचे ती वेळ तशीच मोकळी राहिली. त्या वेळेला आता गोळी असायची. पावसाळ्यात तलाव कधी नव्हे असा भरला, नाल्याचा पूर आत घुसला. वारलूनं ‘भरला’ असं लिहिलं. त्या साली घनश्यामनं गाळाचा अर्ज लिहायला घेतला, ‘सबब’ पर्यंत आला आणि कागद बाजूला ठेवला. हिवाळ्यात रिंकूला दोनदा गडचिरोलीला नेऊन रक्त चढवलं. शाळा सुटल्यासारखीच होती. ती ओसरीत चादर पांघरून बसे आणि जाळ्यांची भोकं शिवत असे. गाठ तिची बापापेक्षा बारीक येई.

पुढच्या मे महिन्यात पाणी पुन्हा डोहात गेलं. जाळं पडलं, गाड्या आल्या, बर्फ फुटायला लागला. रिंकूला घनश्यामनं सायकलवर बसवून पाळीवर आणलं होतं, आंब्याच्या सावलीत, उन्हाळ्यातही अंगात स्वेटर. तिला जाळं निघताना पाहायचं होतं. तो खाली उतरायला लागला तेव्हा ती म्हणाली, “औंदा मोजत नाई का, बाबा?”

घनश्यामला नाही म्हणता आलं असतं. काम होतं, माणसं वाट पाहत होती, ते खोटंही नव्हतं. पण हे कारण त्यानं याआधी वापरलं होतं.

“थांब,” तो म्हणाला. “आधी गाळ काढतो. बरोबर मोजू.”

त्यानं फावडं आणलं. पुरानं त्या साली पट्टीपाशी गुडघाभर गाळ आणून टाकला होता. वरचा वाळलेला, खालचा काळा आणि ओला. तो खणत गेला. कडा ढासळू नयेत म्हणून त्यानं खड्डा जरा लांबट घेतला, हात सवयीनं चालत होते, माती एका बाजूला पडत होती, कडा सरळ येत होत्या. शेवटी फावडं दगडाला लागून वाजलं. ओटा होता तिथंच होता. त्यानं हातानं तो पुसला.

मग त्यानं वर पाहिलं. रिंकू सावलीतून उठून काठाशी आली होती. तिनं चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, त्याचा खांदा धरला आणि खड्ड्यात उतरली. तिला सगळं माहीत होतं कसं करायचं. टाचा जुळवल्या. पाठ पट्टीला लावली. हनुवटी सरळ केली आणि डोळे मिटले, कारण तो डोक्यावर हात धरी तेव्हा माती डोळ्यांत जात असे.

घनश्याम काठावर गुडघे टेकून होता. त्याला तिचा भांग दिसत होता, स्वेटरमधले बारीक खांदे, आणि दोन्ही बाजूंनी ओल्या मातीच्या सरळ कडा. त्यानं हात पुढे केला. तो तिच्या डोक्यापर्यंत नेला नाही. पट्टीवरच्या काळ्या खुणांकडं त्यानं पाहिलंच नाही.

“झालं,” तो म्हणाला. “निघ वर.”

“किती?”

“चार फूट.”

रिंकूनं डोळे उघडले. खाली ओट्याकडं पाहिलं, मग बापाकडं. खड्ड्यातल्या ओट्यावर उभं राहून चार फूट भरायला मधे काय काय व्हावं लागलं असतं, ते तिला त्याच्यापेक्षा बरं समजत होतं.

“पक्कं?”

“सरकारी पट्टी आहे,” घनश्याम म्हणाला.

“मंग पुढच्या साली जमते,” रिंकू म्हणाली, आणि दोन्ही हात वर केले.

त्यानं तिला बगलेत धरून उचललं. काही वजनच लागलं नाही. तिला नेऊन सावलीत बसवलं, स्वेटरचं वरचं बटण लावलं, बाटलीतलं पाणी पाजलं. डोहाकडून हाका येत होत्या. जाळं जड झालं होतं, सेक्रेटरी कुठी गेला म्हणून लोक विचारत होते, हंगाम होता. तो परत पट्टीपाशी आला. आधी त्यानं तो खड्डा बुजवला, माती सगळी आत ओढली, पायानं दाबून घेतली, आणि मग जाळ्याकडे गेला.